तंत्रज्ञान-नवोन्मेषाची स्ट्रॅटेजी: सिद्धांत कळतात, पण प्रकल्पात वापरायचे कसे?

नवशिका

विषय आहे तंत्रज्ञानातील नवोन्मेषाचं व्यूहात्मक व्यवस्थापन. प्रकल्पासाठी एक उद्योग निवडायचा, त्यात चालू असलेला एक तंत्रज्ञानबदल घ्यायचा आणि तिथल्या एका कंपनीने पुढे काय करावं ते पुराव्यानिशी मांडायचं. शब्दमर्यादा ६०००, मुदत आठ आठवडे.

एस-कर्व्ह, डॉमिनंट डिझाइन (उद्योगात सर्वमान्य होऊन बसलेली रचना), डिसरप्टिव्ह इनोव्हेशन, पूरक साधनं, रिअल ऑप्शन्स हे सगळं वाचून झालंय. अडचण अशी की कुठलीही कंपनी घेतली तरी प्रत्येक सिद्धांत थोडाथोडा लागू पडतोच. शेवटी "अमुक तंत्रज्ञान डिसरप्टिव्ह आहे, म्हणून कंपनीने सावध राहावं" अशा छापाचं काहीतरी लिहून होतं आणि मार्गदर्शक विचारतात, "बरं, मग?"

नेमकं विचारायचंय ते असं. कुठला सिद्धांत कधी वापरायचा हे कसं ठरवायचं? कंपनीच्या आत शिरता येत नसताना उघड माहितीतून काय काय मोजता येतं? आणि आकडेमोड किती खोल असावी? उद्योग अजून पक्का नाही. सौर पॅनल किंवा बॅटरी डोक्यात आहे.

तिरकी रेघ

सगळे सिद्धांत थोडेथोडे लागू पडतात, कारण तुम्ही ते लेबलांसारखे चिकटवताय. प्रत्येकातून असं एक विधान काढा जे खोटं ठरू शकतं. ते निघालं नाही तर तो सिद्धांत या प्रकल्पापुरता बाजूला ठेवा.

सौर पॅनल डोक्यात आहे म्हणताय तर एस-कर्व्हपासूनच (कामगिरी आधी हळू, मग झपाट्याने, शेवटी पुन्हा हळू वाढते तो वक्र) सुरू करा, कारण तिथेच बहुतेकांची पहिली चूक होते. उभ्या अक्षावर काय घेणार? सिलिकॉन सेलची कार्यक्षमता घेतली तर एका जंक्शनच्या सेलला सुमारे २९ टक्क्यांची सैद्धांतिक मर्यादा आहे आणि प्रयोगशाळेतले विक्रम २७ टक्क्यांच्या आसपास पोचलेत. म्हणजे वक्र माथ्याला टेकलाय, तंत्रज्ञान म्हातारं झालंय, उडी मारा! आता त्याच अक्षावर दर वॉटची किंमत घ्या. ती दशकानुदशकं पडत आलीय आणि तिला कार्यक्षमतेसारखी भौतिक मर्यादा आड येत नाही. तंत्रज्ञान एकच, निकाल दोन. म्हणून अक्ष आधी ठरवा, आणि तो ग्राहक कशासाठी पैसे मोजतो त्यावरून ठरवा. जिथे छपराची जागा अपुरी तिथे कार्यक्षमता, जिथे जमीन मोकळी तिथे किंमत.

आडव्या अक्षावर काळ टाकू नका. मूळ कल्पना "किती प्रयत्न ओतले" ही आहे. संशोधनावरचा खर्च मंदावला म्हणून वक्र आडवा झाला, की तंत्रज्ञानच थकलं, हे काळाच्या अक्षावर कळतच नाही. उद्योगभराचा संशोधनखर्च हाती लागत नसेल तर एकत्रित उत्पादन (सुरुवातीपासून आजवरचं सगळं मिळून) घ्या, ते मिळवायला सोपं. मग तुम्ही शिकण्याच्या वक्रावर येता: १९३६ साली टी. पी. राइट या इंजिनिअरने विमानांच्या बांधणीत दाखवलं की एकत्रित उत्पादन दुप्पट झालं की दर नगाचा खर्च ठरावीक टक्क्यांनी उतरतो. सौर मॉड्यूलसाठी हा दर २० टक्क्यांच्या आसपास धरतात. त्या हिशेबाने किंमत निम्मी व्हायला ३.१ दुपटी, म्हणजे एकत्रित उत्पादन सुमारे ८.६ पट व्हायला हवं. दोन्ही अक्ष लॉग घेतले की रेघ सरळ येते आणि तिचा उतार थेट वाचता येतो.

एक खड्डा इथेही आहे. आपल्या हाती येते ती किंमत, खर्च नव्हे. टंचाईत किंमत खर्चाच्या बरीच वर राहते, स्पर्धा पेटली की झपकन खाली येते, आणि ते शिकणंच आहे असं वाटतं. एवढ्यातेवढ्या पाच वर्षांवरून उतार काढू नका. एकत्रित उत्पादनाच्या निदान चार-पाच दुपटी तरी आलेखात हव्यात.

जुनी फाइल

वर अक्षाबद्दल जे सांगितलंय तेच "डिसरप्टिव्ह"लाही लागू. या शब्दाचे इतके हाल झालेत की मार्गदर्शकांनी कपाळाला आठ्या घातल्या तर नवल नाही.

तपासायला डिस्क ड्राइव्हचं मूळ उदाहरणच घ्या. १९८१ साली मिनीकॉम्प्युटरमधला ८ इंची ड्राइव्ह ६० मेगाबाइटचा, दर मेगाबाइट ५० डॉलर, म्हणजे नग ३००० डॉलरला. नवा ५.२५ इंची ड्राइव्ह १० मेगाबाइटचा, दर मेगाबाइट २०० डॉलर, नग २००० डॉलरला. जुन्या ग्राहकाच्या मापाने नवा माल क्षमतेत सहापट कमी आणि दर मेगाबाइट चौपट महाग. पण डेस्कटॉप बनवणाऱ्याला हवा होता लहान आकार आणि नगामागे कमी किंमत. डिसरप्टिव्ह म्हणायचं तर या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: मुख्य ग्राहकाच्या मापावर नवं तंत्रज्ञान सुरुवातीला खरोखर कमी पडतं, दुसऱ्या कुठल्या तरी मापावर ते सरस आहे आणि त्या मापाला किंमत देणारा वेगळा ग्राहक हजर आहे, आणि त्याच्या सुधारणेचा वेग मुख्य ग्राहकाच्या वाढत्या गरजेपेक्षा जास्त आहे. तिसरी अट सगळे विसरतात. तिच्यासाठी एकाच आलेखावर दोन रेघा लागतात, तंत्रज्ञान काय देतं याची आणि ग्राहकाला किती पुरतं याची. दुसरी रेघ न काढता निकाल देणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

उलट उदाहरणही जवळ ठेवा. टेस्लाने २००८ साली महागड्या रोडस्टरपासून सुरुवात केली आणि वरून खाली आली. वरच्या व्याख्येत ते बसत नाही. म्हणून ते कमी महत्त्वाचं ठरत नाही, पण ते समजून घ्यायला हत्यार दुसरं लागतं.

ते दुसरं हत्यार तुमच्या यादीत नाही: आर्किटेक्चरल इनोव्हेशन, हेंडरसन आणि क्लार्क, १९९०. सुटे भाग जवळपास तेच, पण त्यांची एकमेकांशी जोडणी बदलते. चिपवर नक्षी उमटवणाऱ्या अलाइनर यंत्रांच्या उद्योगात दर पिढीला आघाडीची कंपनी बदलत गेली, त्यावर तो अभ्यास आहे. कॅनन या जपानी कंपनीचं प्रॉक्सिमिटी अलाइनर कॅस्पर कंपनीच्या इंजिनिअरांनी पाहिलं आणि ते आपल्याच यंत्राची नक्कल आहे असं ठरवून टाकलं. प्रत्यक्षात मास्क (नक्षीचा साचा) आणि वेफर (सिलिकॉनची चकती) यांमधलं अंतर राखणारी यंत्रणा आणि बाकीचे भाग यांचं नातं बदललेलं होतं. सुट्या भागांच्या यादीत ते दिसणार कसं?

प्रकल्पात हे असं करा. उत्पादनाचे १५ ते २० भाग घ्या आणि तेच ओळीत व तेच रकान्यात मांडून चौकोनी तक्ता करा. ज्या दोन भागांचं एकमेकांवाचून अडतं तिथे खूण. जुन्या रचनेचा एक तक्ता, नव्या रचनेचा एक. कुठल्या खुणा नव्याने उगवल्या ते पाहा आणि त्या कंपनीच्या कुठल्या दोन विभागांच्या सीमेवर पडतात ते शोधा. विभागरचना वार्षिक अहवालात आणि नोकरभरतीच्या जाहिरातींत बऱ्यापैकी कळते. वीस भागांच्या पुढे जाऊ नका, नाहीतर तक्ता भरता भरता आठ आठवडे संपतील.

पेटंटवाचक

"बरं, मग?" या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते पूरक साधनांत आहे, म्हणजे शोधाचा धंदा करायला लागणाऱ्या विक्री, दुरुस्ती, प्रशिक्षण अशा बाकीच्या गोष्टींत. नवं तंत्रज्ञान कोण शोधतं आणि त्यावर पैसा कोण कमावतं हे दोन निराळे प्रश्न आहेत. डेव्हिड टीस या अर्थतज्ज्ञाने १९८६ साली ते वेगळे केले. सीटी स्कॅनर ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्या गॉडफ्रे हाउन्सफील्डने घडवला, पहिल्या रुग्णाचं स्कॅन १९७१ मध्ये झालं आणि १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच वर्षी थॉर्न या दुसऱ्या कंपनीने ईएमआय विकत घेतली आणि पुढे ती या धंद्यातून बाहेर पडली. रुग्णालयांना यंत्राबरोबर प्रशिक्षण, दुरुस्तीची हमी आणि ओळखीचा विक्रेता लागत होता. ते सगळं जनरल इलेक्ट्रिकसारख्यांकडे एक्स-रेच्या धंद्यामुळे आधीपासून होतं.

म्हणून दोन प्रश्न याच क्रमाने विचारा. नक्कल किती सहज होते? धंदा चालायला लागणारी पूरक साधनं कोणाच्या हातात आहेत, आणि ती बाजारात सुटी मिळतात का? नक्कल सोपी आणि साधन एखाद-दुसऱ्याच्याच ताब्यात असेल तर शोधणाऱ्याने एकट्याने लढणं वेडेपणाचं. भागीदारी किंवा परवाना. नक्कल कठीण असेल तर घाई नाही, साधन सावकाश उभं करता येतं. साधन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळावं इतकं सर्रास असेल तर विकत घ्या, त्यात पैसा अडकवू नका.

उलट बाजूनेही हे चालतं. छपाईच्या अक्षरजुळणी यंत्रांच्या उद्योगात तंत्रज्ञान पुन्हापुन्हा मुळापासून बदललं आणि जुन्या कंपन्यांची पहिली नवी यंत्रं नवागतांपेक्षा डावी होती. तरी मर्गेन्थालर लायनोटाइप टिकली. कारण टाइपफेसचा संग्रह तिच्याकडे होता आणि मुद्रकाला तीच अक्षरं हवी होती. "जुनी कंपनी म्हणजे बुडणारच" असं लिहिण्याआधी हे उदाहरण आठवा.

आता उघड माहितीचं. पेटंटं बघाच, पण मोजणीत हमखास चुका होतात.

शब्दांवरून शोधू नका, वर्गीकरणाच्या कोडवरून शोधा. बॅटरीसाठी एच०१एम हा मुख्य उपवर्ग, त्याखाली गट. शब्दशोधात निम्मा कचरा येतो आणि ज्यांनी मुद्दाम गोलमोल शीर्षक दिलंय तेच नेमके निसटतात. एस्पेसनेट हे पेटंट शोधायचं संकेतस्थळ फुकट आहे, एवढ्या कामाला पुरेसं.

एकच शोध अनेक देशांत नोंदवला जातो, म्हणून अर्ज मोजायचे नाहीत, कुटुंबं (एकाच शोधाचे सगळे अर्ज मिळून एक) मोजायची. नाहीतर जी कंपनी जास्त देशांत अर्ज करते ती जास्त हुशार दिसते. तारीख घ्यायची ती पहिल्या अर्जाची, मंजुरीची नाही. मंजुरी किती लांबेल हे कार्यालयावर अवलंबून असतं.

आणि सर्वांत मोठी: अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यामुळे शेवटच्या दीड-दोन वर्षांचा आलेख नेहमी पडलेला दिसतो. दरवर्षी कोणीतरी त्यावरून "कंपनीचा नवोन्मेष आटला" असा निष्कर्ष काढतंच. ती वर्षं आलेखातून काढून टाका. उल्लेखसंख्येचंही (नंतरच्या पेटंटांनी किती वेळा संदर्भ दिला) तेच. जुन्या पेटंटाला उल्लेख गोळा करायला जास्त वर्षं मिळालेली असतात, म्हणून तुलना एकाच वर्षाच्या आणि एकाच वर्गाच्या पेटंटांत करा.

शिवाय सगळे पेटंट घेत नाहीत. अमेरिकी उत्पादक कंपन्यांच्या संशोधन विभागांची जी मोठी सर्वेक्षणं झाली, त्यांत औषधांसारखे मोजके उद्योग सोडले तर गुप्तता आणि बाजारात आधी पोचणं हेच पेटंटपेक्षा जास्त उपयोगी मानलं गेलं. सेलची रासायनिक रचना उघडून तपासता येते, म्हणून तिचं पेटंट घेतात. इलेक्ट्रोडचा लेप कुठल्या वेगाने द्यायचा आणि कसा सुकवायचा हे बाहेरून दिसत नाही, ते सहसा गुपित ठेवतात. तेव्हा बॅटरी घेतलीत तर पेटंटांवरून रचनेची चाल कळेल, कारखान्यातलं कौशल्य कळणार नाही. हे प्रकल्पात स्पष्ट लिहा.

हिशेबनीस

संशोधनखर्चाचं एक राहिलं. खर्च भागिले विक्री हे गुणोत्तर दोन कंपन्यांत सरसकट ताडू नका. आंतरराष्ट्रीय लेखामानकात (आयएएस ३८) विकासाचा टप्पा अटी पूर्ण करत असेल तर तो खर्च मालमत्ता म्हणून ताळेबंदात जातो. अमेरिकी पद्धतीत बहुतांश खर्च त्याच वर्षी नफ्यातोट्यात पडतो. म्हणून पहिल्या प्रकारच्या कंपनीत भांडवली केलेली रक्कम खर्चात मिळवा आणि जुन्या विकासखर्चाची त्या वर्षीची घट वजा करा. दोन्ही आकडे टिपणांत असतात. विक्री कोसळली की हेच गुणोत्तर आपोआप फुगतं, तेही बघा.

आता रिअल ऑप्शन्स, म्हणजे पुढे जायचं की थांबायचं हे नंतर ठरवण्याच्या मुभेची किंमत. ब्लॅक-शोल्स (शेअरच्या ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र) लावायच्या भानगडीत पडू नका. त्यातली अस्थिरता तुम्ही कुठून आणणार? निर्णयवृक्ष पुरतो.

समजा प्रकल्पाला ११० एकक लागतात. बाजार चांगला निघण्याची शक्यता ४० टक्के, तेव्हा २०० परत; वाईट निघाला तर ३०. अपेक्षित परतावा ८० + १८ = ९८. म्हणजे −१२, प्रकल्प नामंजूर. (व्याज सोडून दिलंय, हिशेब दिसावा म्हणून.)

आता तेच ११० दोन हप्त्यांत: १० एककांची चाचणी, आणि बाजार चांगला दिसला तरच पुढचे १००. अपेक्षित मूल्य −१० + ०.४ × (२०० − १००) = +३०. तंत्रज्ञान तेच, बाजार तोच; थांबण्याच्या मुभेची किंमत ४२.

मात्र ही ४२ कागदावरची आहे. चाचणी चुकते असं धरा: वाईट बाजार चारपैकी एकदा चांगला दिसतो. तर ६० टक्क्यांतले १५ टक्के चुकून पुढे जातात आणि ०.१५ × (३० − १००) = −१०.५ वजा होऊन ३० चे १९.५ उरतात. आणि चाचणीचा निकाल काहीही येवो, प्रकल्प कोणी थांबवतच नसेल तर? −१० + ४० − ४२ = −१२. फिरून जिथून निघालो तिथेच. बऱ्याच ठिकाणी टप्प्याटप्प्याच्या मंजुरीचं पुढे हेच होतं. मधले दरवाजे असतात, पण बंद एकही होत नाही. तुमच्या शिफारशीत "चाचणी करा" एवढं लिहून भागणार नाही. कुठला आकडा किती आला तर थांबायचं आणि तो निर्णय कोणाचा, हे चाचणीआधी लिहिलेलं हवं. निर्णय घेणारा आणि प्रकल्पप्रमुख एकच माणूस नको.

मागणीसाठी बास मॉडेल (१९६९) घ्या, नवी वस्तू ग्राहकांत कशी पसरते ते सांगणारं. दोन गुणक: पी म्हणजे स्वतःहून घेणारे, क्यू म्हणजे इतरांचं बघून घेणारे. ठोकताळा म्हणून पी ०.०३ आणि क्यू ०.३८ धरतात. विक्रीचं शिखर येतं क्यू भागिले पी याच्या नैसर्गिक लॉगला दोघांच्या बेरजेने भागल्यावर: २.५४ ÷ ०.४१, म्हणजे सुमारे ६.२ वर्षांनी. तोवर एकूण संभाव्य ग्राहकांपैकी ४६ टक्क्यांनी वस्तू घेतलेली असते.

शिखर येण्याआधीच्या तुटपुंज्या आकड्यांवरून पी, क्यू आणि एकूण बाजार ही तिन्ही एकदम काढायला जाल तर उत्तर एक आकडा वाढवला की पलटी खातं. एकूण बाजार बाहेरून ठरवा (किती घरं, किती वाहनं), गुणक मिळत्याजुळत्या जुन्या उत्पादनांचे घ्या आणि एका रेघेऐवजी पट्टा दाखवा. जुनी वस्तू मोडली म्हणून नवी घेणारे आकड्यांत मिसळले असतील तर ते आधी वेगळे काढावे लागतात. मॉडेल फक्त पहिल्या खरेदीचं आहे.

नवशिका

सगळ्यांचे आभार. बॅटरी पक्की केली. एक शंका: कोडॅकचं उदाहरण प्रस्तावनेत घालू का? "डिजिटल ओळखता आलं नाही" म्हणून?

जुनी फाइल

त्या वाक्यासकट घालू नका. पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसनने १९७५ साली बनवला: ०.०१ मेगापिक्सेल, कृष्णधवल, एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. आणि २००५च्या सुमारास अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक आघाडीवरच होती. ओळखलं, विकलंही. नफा होता फिल्म, रसायनं आणि कागदात, तो कॅमेऱ्यात येईना. जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज गेला. फुजीफिल्मलाही हाच फटका बसला होता, पण तिने फिल्मचं रसायनशास्त्र एलसीडी पडद्यांच्या फिल्मकडे आणि सौंदर्यप्रसाधनांकडे वळवलं. म्हणजे हे वर पेटंटवाचक म्हणतात ते पूरक साधनांचंच प्रकरण आहे.

पेटंटवाचक

@नवशिका, बॅटरी म्हणजे काय ते अजून ठरवा. लिथियम-आयनऐवजी सोडियम-आयन, की द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइट? पहिल्यात कारखान्याची बरीचशी यंत्रं तीच चालतात, दुसऱ्यात बऱ्याच प्रक्रिया नव्याने बसवाव्या लागतात. म्हणजे जुन्या उत्पादकाची पूरक साधनं एका बदलात शाबूत राहतात आणि दुसऱ्यात त्यांतली बरीच निकामी होतात. ६००० शब्दांत एकच घ्या. पहिला आठवडा पेटंटांना नको, दोन्ही प्रक्रियांचा पायरीवार तक्ता करण्यात घालवा: कालवणं, लेप, सुकवणी, दाबणं, कापणं, रचणं, इलेक्ट्रोलाइट भरणं, पहिलं चार्जिंग. प्रत्येक पायरीपुढे "तेच यंत्र", "बदल करून", "नवं" यांतलं एक लिहा आणि तो तक्ता इथे टाका, मग पुढचं बोलू.